फक्त अभ्यासापुरतं

१ फेब्रुवारी, रविवार
मेहुण्याने त्याचा जुना गेम-बॉक्स कन्येला दिला, त्याला महिना झाला. आज दुपारी पहिल्यांदाच तिच्या मागे उभं राहून नीट पाहिलं. पडद्यावर किल्ला, धूर, पडलेली माणसं. मधोमध एक तांबडी घोडी, बाण लागून आडवी झालेली. कन्या अकरा वर्षांची. हात मांडीवर, बटणांना बोटही नाही, डोळ्यांतून नुसतं पाणी. हाक मारली, ओ दिली नाही. जेवायला बोलावलं, उठली नाही. मूल सुन्न झालं. पेपरात वाचलं होतं, असंच होतं म्हणून.
वायर उपटली. ती म्हणाली, बाबा, थोडंच राहिलं होतं. मग जेवलीच नाही.
गेमच्या डबीवर बारीक अक्षरांत छापलंय, अठरा वर्षांखालच्यांसाठी नाही. मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, भावोजी, डबी कोण वाचतं?
निश्चय: या घरात हे चालणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार
दवाखान्यात जाताना शाळेत डोकावलो. वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एकवीस तारखेला पालकसभा आहे, तुम्हीच दहा मिनिटं बोला ना. हो म्हटलं. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. तोंड उघडं ठेवून बसलेल्या माणसांशी बोलण्यात उभी हयात गेली. ती मधे बोलत नाहीत. भाषण जमेल.
पण अभ्यासाशिवाय बोलणं बरं नाही. आमच्या गावच्या शाळेत हिंसा म्हणजे गुरुजींची छडी, यापलीकडे माझं ज्ञान नाही. तेव्हा तो गेम स्वतः खेळून पाहायचा. फक्त अभ्यासापुरतं. पहाटे प्रार्थनेनंतर पाऊण तास, जास्त नाही. कुणालाही मारायचं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
या गेममध्ये मी एक स्वार आहे. किल्ल्यात निरोप पोचवायचा. दारावर रखवालदार. मी सरळ त्यांच्यासमोर गेलो. नमस्कार करायचं बटण सापडलं नाही. मेलो. बाजूने गेलो, मेलो. हळूहळू चालत गेलो, तरी मेलो. हिने चहा ठेवला आणि म्हणाली, तुम्ही सभ्य आहात हे त्यांना कळत नाही का अजून?
डाव्या हातात जपमाळ धरून खेळायचं ठरवलं होतं. पण कंट्रोलरला दोन्ही हात लागतात. माळ खिशात ठेवली. खिशात असली तरी असतेच.

७ फेब्रुवारी, शनिवार
चुकीचं बटण दाबलं गेलं. एक रखवालदार तटावरून खाली पडला. उठला नाही.
गेम बंद केला. पाणी प्यायलो, हात धुतले, त्याच्यासाठी प्रार्थना केली. त्यालाही घरदार असेल. दवाखान्यात दाढेत भरायचं सिमेंट दोनदा चुकीचं कालवलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? सांगितलं खरं काय ते. त्या मास्कच्या आत हसल्या असाव्यात. म्हणाल्या, खोटा होता हो तो. म्हटलं, बाई, मला पन्नाशीत असं होतं, तर मुलांचं काय होत असेल?
मुद्दा भाषणात घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार
किल्ल्यात शिरलो. तिघे. नाइलाज होता. तिघांसाठी वेगवेगळी प्रार्थना केली, त्यामुळे दाढी राहिली.
मला घोडी मिळाली. तीही तांबडी. कन्या दारात येऊन पाहत होती. तिने विचारलं, नाव काय ठेवलंस? म्हटलं, नाव कशाला, वापरायची आहे. ती निघून गेली. गेमवरचं तिचं मन उडतंय. वायर उपटल्याचा गुण आला.

११ फेब्रुवारी, बुधवार
सात. की आठ. सगळ्यांसाठी मिळून एकच प्रार्थना केली. नेमका आकडा देवाला ठाऊक असतोच.
वेळापत्रकात किरकोळ बदल. आधी गेम, मग प्रार्थना. गेम झाला की मन मोकळं असतं. दवाखान्यातून आल्यावरही थोडा अभ्यास. सभा जवळ आली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी एका लहान मुलीची दाढ भरली. हिरडी बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं. निघताना नेहमीचं वाक्य तिला सांगितलं, दोन तास काही चावू नकोस हं बाळ, ओठ चावला जाईल आणि तुला कळणारही नाही. तासाभरातच तिची आई तिला परत घेऊन आली. खालचा ओठ टम्म सुजलेला, रक्त. पोरगी मजेत होती. तिला काहीच जाणवलं नव्हतं. रडत होती ती आई. मी म्हटलं, मी सांगितलं होतं. सांगितलं तर होतंच.
घरी येऊन ताट मांडीवर घेतलं आणि खेळलो. पूल जिंकला. हिने विचारलं, मीठ जास्त झालंय का? म्हटलं, नाही, छान आहे. ही म्हणाली, घालायचंच राहिलंय.
प्रार्थना उद्या, दोन दिवसांची एकत्र.

१८ फेब्रुवारी, बुधवार
दवाखान्यात उशीर. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. अभ्यास म्हटलं की थोडी ओढाताण होणारच.
संध्याकाळी कन्या शेजारी येऊन बसली आणि काहीतरी सांगत होती. बराच वेळ. मी हं म्हणत होतो. ती गेल्यावर हिला विचारलं, काय म्हणत होती? ही म्हणाली, तिची जिवाची मैत्रीण गाव सोडून चालली आहे, दुपारपासून रडतेय पोर, तुम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं तिने. पॉज करायला हवं होतं. पण मागून घोडेस्वार येत होते.
उद्या तिला जवळ घेऊन सविस्तर विचारायचं. नक्की.
प्रार्थनेचं रविवारी पाहतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पालकसभा. सुरुवात उत्तम झाली. मुलांची संवेदना कशी हळूहळू मरते, ते सांगितलं. दोन-तीन आयांनी माना हलवल्या. मग उदाहरण म्हणून पुलावरच्या लढाईचं वर्णन केलं. मागच्या बाकावर टायरचं दुकान असलेले एक पालक होते. त्यांनी हात वर केला. म्हणाले, साहेब, त्या पुलावर चार तिरंदाज असतात ना, मी पंधरा दिवस तिथेच अडकलोय. विचारलेल्याचं उत्तर न देणं बरं दिसत नाही. सांगितलं, डावीकडून जा, पिंपांच्या आडून, पहिल्याचा गळा, मग आवाज होत नाही. नीट समजावं म्हणून फळ्यावर काढून दाखवलं. आणखी तीन वडील पुढे येऊन बसले. एका आईने फळ्याचा फोटो काढला. वर्गशिक्षिका दोनदा म्हणाल्या, वेळ झाली. शेवटी त्यांनी स्वतः फळा पुसला.
कन्या दारात उभी होती. घरी येताना ती पुढे पुढे चालत होती. हाक मारली, ओ दिली नाही.
भाषण प्रभावी झालं असं म्हणायला हरकत नाही. बाकीच्या वक्त्यांना एकही प्रश्न आला नव्हता.
मैत्रिणीचं विचारायचं राहिलं. ती कालच गेली म्हणे.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी नदीकाठचा किल्ला. घोडीला बाण लागला, आडवी झाली. संथ संगीत सुरू झालं, खाली लिहून आलं, बसा. मागे शत्रू होता. ते दृश्य वगळायचं बटण दाबलं, खोगिराच्या पिशवीतले बाण काढून घेतले आणि निघालो. पुढे काळी घोडी मिळाली, तिच्याहून वेगवान.
कन्या मागे उभी होती. कधीपासून, माहीत नाही. ती म्हणाली, बाबा, बसायचं बटण होतं. म्हटलं, पाहिलं मी. ती म्हणाली, मग? म्हटलं, वेळ नव्हता. मग ती म्हणाली, तूच सांगितलं होतंस ना. गावची गाय मरत होती तेव्हा आजीने तुला गोठ्यात बसवून ठेवलं होतं. जनावर जाताना एकटं असू नये म्हणून. मी घोडीजवळ तशीच बसले होते. ती माझ्याकडे बघत होती, बाबा. थोडंच राहिलं होतं आणि तू वायर काढलीस.
ती रडत नव्हती. हे सगळं तिने अगदी हळू सांगितलं, मी दवाखान्यात लहान मुलांना सांगतो तसं.
आठवून पाहिलं. सांगितलं होतं खरं. दोन वर्षांपूर्वी, एकदा दिवे गेले होते तेव्हा. सांगताना मीच डोळे पुसले होते. आज गाय आठवली. रंग आठवला नाही.
दुपारी तोच प्रसंग पुन्हा लावला. बसा, दाबलं. घोडी माझ्याकडे पाहत होती. मी वाट पाहिली. पायाला मुंग्या आल्या. पिशवीत बाण किती असतील, एवढंच मनात येत होतं. तेवढ्यात तिने मान टाकली. बाण घेतले.
ही म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार
मेहुणा आला आणि बॉक्स घेऊन गेला. म्हणाला, भावोजी, तुमचा स्कोअर माझ्या पुढे गेलाय की. हिनेच त्याला बोलावलं होतं. मी अडवलं नाही. अभ्यास झालेलाच होता.
नवा निश्चय: पहाटे फक्त प्रार्थना. आज बसलो. साचलेली सगळी एकदम करायची होती. कुणासाठी ते आठवेना. माळ शोधली, दुसऱ्या पँटच्या खिशात धुऊन निघाली होती.
दवाखान्यातून येऊन खुर्चीत बसलो होतो. टीव्हीचं टेबल मोकळं. कन्या वह्या घेऊन आली. म्हणाली, बाबा, तुझ्याजवळ बसू? म्हटलं, कशाला? ती म्हणाली, असंच.
बसली. गृहपाठ केला नाही. माझ्या हातावर हात ठेवून नुसती माझ्याकडे बघत होती. ही जेवायला बोलवायला आली, तर कन्या तिला हातानेच थांब म्हणाली.
काही कळत नाही. गेमचाच परिणाम असावा. पोरीवर लक्ष ठेवायला हवं.