जाड आटे, बारीक आटे

१४ एप्रिल १९९६, रविवार

क्षमस्व. दिवाळीनंतर या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. ‘वेळ मिळाला नाही’ असं लिहून खोडलं. वेळ होता. लिहिण्यासारखं काही नव्हतं म्हणावं, तर आजही फारसं नाही.

तरी नोंद करतो. नेहाची बारावी संपली. वर्षा आणि ती मे महिन्यात नाशिकहून इथे येणार आहेत. आवडलं तर कायमच्या. ‘आवडलं तर’ हे शब्द वर्षाचे. ‘कायमच्या’ हा माझा. तिने तो अजून नाकारलेला नाही.

पाच वर्षं मी सिल्वासात आणि त्या दोघी नाशकात. नेमकी अडचण काय, यावर पद्धतशीर विचार केला. मागे वर्षा म्हणाली होती, अहो, ती तुमच्या आमलीच्या फ्लॅटमध्ये दिवसभर काय भिंतीकडे बघत बसणार? म्हणजे अडचण भिंत आहे. भिंतीपुढे कॉम्प्युटर ठेवला की अडचण उरत नाही.

तयार घेणार नाही. सुटे भाग आणून स्वतः जोडणार. मुलीला कळलं पाहिजे की बापाने हाताने केलाय. आणि मी स्क्रूच्या कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहे. कॉम्प्युटर म्हणजे शेवटी पत्रा, बोर्ड आणि स्क्रू.

निश्चय : महिनाअखेर चालू.

१८ एप्रिल

आमच्याच कारखान्यात प्रॉडक्शनला असलेला गजानन मुंबईहून सगळे भाग घेऊन आला. कॅबिनेट, मोठा हिरवा मदरबोर्ड, बाकी डबे. त्याच्याकडची जादा कॉटही मागून आणली, नेहासाठी. सध्या भिंतीला उभी करून ठेवली आहे.

संध्याकाळी झाडलोटीला येणाऱ्या केसरबाई म्हणाल्या, भाऊ, पलंग उभा का? माणूस निजेल कसा? म्हटलं, माणूस यायचाय अजून. मंग येईल तवा आणायचा, म्हणाल्या, मी झाडू कुठून? मुद्दा बरोबर होता. कॉट हलवली नाही.

१९ एप्रिल

कॅबिनेटबरोबर स्क्रूची पुडी आली आहे. उघडली. धक्का बसला असं म्हणता येणार नाही, मला हल्ली धक्का बसत नाही. पण एकाच पुडीत दोन आट्यांचे स्क्रू. काही जाड आट्यांचे, काही बारीक. शिवाय काही पोकळ पितळी खुंट्या आणि लाल कागदाच्या चकत्या. स्क्रूला कागद!

कारखान्यात नेऊन आटे मोजायचा गेज लावला. संशय नको. कंपनीचा गेज खासगी कामाला वापरणं योग्य का? लंच टाइममध्ये वापरला. पण गेजला लंच टाइम असतो का, हे ठरवता आलं नाही.

आमच्याकडे नियम स्पष्ट आहे. मिक्स लॉट निघाला की अख्खा लॉट रिजेक्ट. निवडत बसायचं नाही. पुडी जशीच्या तशी तिथल्याच रिजेक्ट मालाच्या लाल डब्यात टाकली, खुंट्या-चकत्यांसकट. समाधान वाटलं. की हाताला वळण आहे म्हणून नुसतं बरं वाटलं, खात्री नाही.

गजानन म्हणाला, अविनाशराव, गेटमधून रोज ट्रकभर स्क्रू बाहेर जातात, मूठभर घाला की खिशात! सांगितलं, एक तर ती चोरी. दुसरं, आपले स्क्रू लाकडाचे. तो म्हणाला, मग लाकडाचा कॉम्प्युटर करा. मी हसलो नाही. घरी आल्यावर वाटलं, हसायला हवं होतं.

२१ एप्रिल, रविवार

एसटीडी बूथवर रांग. वर्षाशी बोललो. नेहा घरी नव्हती, क्लासला गेली होती. कसला क्लास, विचारलं. वर्षा सांगत होती तेवढ्यात मागचा माणूस जोरात खाकरला, आणि माझं लक्ष मीटरच्या लाल आकड्यांकडे. पुन्हा विचारणं बरं दिसलं नाही. सुट्टीत मुली मेंदी, केक वगैरे शिकतात. तेच असणार.

कॉम्प्युटरचं सांगितलं. वर्षा म्हणाली, कशाला एवढा खटाटोप करताय? काळजीने म्हणाली.

२७ एप्रिल

वापीला गेलो. हार्डवेअरच्या दुकानात मदरबोर्डचे स्क्रू मागितले. शेठ म्हणाला, साहेब, जाडा के झीणा? म्हणजे जाड की बारीक. म्हटलं, योग्य तो द्या. तो म्हणाला, दोनों लेके जाओ साब, दोनों लगेगा.

विकण्याची ही रीत मला ठाऊक आहे. एका लॉटमध्ये एकच आटा असावा, हे त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला बिजागऱ्या दाखवायला लागला.

जाड आट्यांचे घेतले. सगळे सारखे. येताना बसमध्ये पुडी हातात धरून बसलो होतो.

३० एप्रिल

चालू झाला नाही. मुदतीत बदल करणं म्हणजे अपयश नव्हे. नवी मुदत : त्या दोघी येण्याआधी. कधी येणार ते अजून कळलं नसल्यामुळे मुदत पुरेशी आहे.

५ मे, रविवार

बोर्ड बसवला! कॅबिनेटच्या पत्र्यात जाड आटे पाडलेलेच होते. स्क्रू लोण्यासारखे गेले. बोर्ड थेट पत्र्यावर, मध्ये फट शून्य. फट मोजायच्या फीलर गेजचं सर्वांत पातळ पानही आत जात नाही. इतकं नेटकं काम मी बऱ्याच दिवसांत केलेलं नाही.

बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फिरून थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा. मग किंचित वास. मग पंखाही नाही.

केसरबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, भाऊ, मिक्सरला आधी भांडं लावा. 

कारण उघड आहे : आमलीचं व्होल्टेज.

९ मे

स्टॅबिलायझर आणला. त्याचा दिवा लागतो. कॉम्प्युटर नाही. गजानन म्हणाला, चला, दिवा तरी लागला. या वेळी हसलो. तो दचकला.

१२ मे, रविवार

फोन नेहाने उचलला. बोर्ड किती घट्ट बसलाय ते सांगितलं. फट शून्य म्हटल्यावर ती ओरडलीच, बाबा! पत्र्याला टेकवलात? अहो, शॉर्ट होतो तो! हसायला लागली. मग हसायची थांबली. थांबली ते जास्त लागलं. फार नाही.

म्हणाली, पितळी खुंट्या असतात ना, त्या आधी पत्र्यात बसवायच्या, त्यांच्यावर बोर्ड. पत्र्याला जाड आटे, खुंटीत बारीक. म्हणून तर पुडीत दोन्ही देतात. सांगितलं, मिक्स लॉट म्हणून रिजेक्ट केला. सगळा? सगळा. मग म्हणाली, थोडं अंतर ठेवावंच लागतं बाबा, नाहीतर जळतं. बोर्डाबद्दल.

हे कुठे शिकलीस? क्लासमध्ये. हार्डवेअरचा क्लास आहे, वर्षभराचा. परवा तिने अख्खा कॉम्प्युटर जोडला, आणि तो चालू झाला. शाबास म्हणालो. मनापासून म्हणालो. मनापासून ऐकू गेलं का, कळायला मार्ग नाही.

मग वर्षा फोनवर आली, म्हणाली, मी तेव्हाच सांगितलं होतं, तुम्हीच नीट ऐकलं नाहीत. मे महिन्यात नाही जमणार, आणि नंतरचंही आता इथलंच बघतेय ती. मी म्हटलं, आवडलं तर, असं ठरलं होतं. ती म्हणाली, अहो, तिला इथे आवडतंय. मग म्हणाली, तुम्हीच या ना चार दिवस. मी म्हणालो, बघतो, कामं आहेत. ती म्हणाली, हो, ते आहेच.

मागे रांगेत आज कोणीही खाकरलं नाही.

१३ मे

सकाळी कारखान्यात जाऊन आधी लाल डबा बघितला. रिकामा. शनिवारी भंगार गेलं.

रजिस्टरमध्ये नोंद नव्हती, कारण पुडी माझी होती. असती तर दुरुस्ती केली असती : लॉट बरोबर होता. तपासणारा बदलावा.

घरी आलो. बोर्डाचे स्क्रू काढले. तेही लोण्यासारखे निघाले. बाकी सगळं डब्यात घालून भिंतीशी ठेवलं. भिंत ठीक आहे. तिच्याकडे बराच वेळ बघता येतं.

उद्या : गजाननची कॉट परत करणे.