भूमिकाचे एक ते दहा

३ मार्च, सकाळी
प्रतिभा माहेरी नेपानगरला गेली. सासूबाई घसरून पडल्या, पाय प्लास्टरमध्ये. महिनाभर तरी तिथेच. सतरा तारखेला भूमिकाची नर्सरीची मुलाखत, एक ते दहा आकडे ओळखता आले पाहिजेत. प्रतिभा म्हणाली, मी व्हिडिओ कॉलवर शिकवत जाईन. मी म्हणालो, काही गरज नाही. शनवाऱ्याच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या माणसाला दहा आकडे शिकवायला असा किती वेळ लागणार?

४ मार्च
रावेरहून मराठी अंकांचा तक्ता मागवला. बुऱ्हाणपुरात, हिंदी मुलखात राहतो म्हणून काय झालं, पाया मातृभाषेतच हवा. १ ते ४ झाले. पोरगी हुशार. माझ्यावर गेली आहे.

६ मार्च
काल राहिलं. मार्चएंड.
आज प्रात्यक्षिक. बहादरपुरची पाच केळी समोर ठेवली. दोन खाल्ली तर किती उरली? म्हणाली, मला एकच पुरे. वजाबाकीला अजून वेळ आहे बहुतेक.

८ मार्च, दुपारी
दुकानात गर्दी. मोबाइलवर गिनतीचं गाणं लावून तिला काउंटरमागे बसवलं. याला डिजिटल लर्निंग म्हणतात. नंतर बघतो तर मांजरांचे व्हिडिओ चालू. असो, मांजरंही मोजता येतात.
प्रतिभाला सांगितलं, वीसपर्यंत पक्कं. तक्ता दहापर्यंतच आहे, पण तिला काय माहीत. उद्यापासून मोबाइल बंद.

११ मार्च
मोबाइल अजून चालूच. परवापासून नक्की बंद.
प्रतिभाचा फोन. "अहो, इंग्लिश आकडे घेताय ना? शाळेत तेच विचारतात." म्हणालो, कधीच झाले. फोन ठेवल्या ठेवल्या रंगाच्या डब्यांचा पुठ्ठा कापून कार्डं केली.

१३ मार्च
नऊचं कार्ड दाखवलं. म्हणाली, एक. नऊ, म्हणून सांगितलं. परत दाखवलं. एक. परत. "एकच आहे, पप्पा." मला वाटलं, मुद्दाम करतेय. कार्ड भिरकावून असा ओरडलो की गिऱ्हाईक पायरीवरच थांबलं. ती लगेच रडली नाही. आधी जाऊन कार्ड उचललं, माझ्या हातात आणून दिलं. मग रडली. न जेवताच झोपली.
थोडी शिस्त लागतेच. मीही जेवलो नाही. उन्हाळ्यात भूक मरते.

१४ मार्च
कार्ड काढलं की माझ्या तोंडाकडे बघते, आकड्याकडे नाही. एकाग्रता कमी आहे. कुल्फी दिली. आणखी एक दिली.
प्रतिभा म्हणाली, भूमिकाला फोन द्या. म्हणालो, झोपली. भूमिका समोर बसून माझ्याकडे बघत होती.

१७ मार्च, दुपारी
मुलाखत. मॅडम एकेक कार्ड दाखवत होत्या. भूमिका गप्प. प्रत्येक कार्डाला आधी माझा चेहरा बघायची. मॅडम म्हणाल्या, "सर, आप ज़रा बाहर बैठिए."
बसलो. दाराआडून ऐकू आलं, दो, तीन, सात. खणखणीत. घरी असा आवाज कधी लागला नव्हता.
मॅडम हसत बाहेर आल्या. "एडमिशन पक्का. सब आता है इसे. बस नौ को एक बोलती है. घर में हिंदी-मराठी वाला चार्ट लगा है क्या? उसका एक ऐसा ही दिखता है ना."
म्हणालो, घरी जाऊन बघतो.

१७ मार्च, संध्याकाळी
तक्त्यावरच्या १ शेजारी 9 चं कार्ड धरलं. बराच वेळ धरलं. पोरगी मी शिकवलेलंच सांगत होती.
प्रतिभाला फोन करून प्रवेश झाल्याचं कळवलं. म्हणाली, "छान शिकवलंत हो तुम्ही." खरं सांगणार होतो, तेवढ्यात नेटवर्क गेलं. म्हणजे, मी फोन ठेवला.
मग भूमिकाला मांडीवर घेतलं. म्हणालो, "बेटा, त्या दिवशी तुझं बरोबर होतं. चूक पप्पाची होती."
तिने जरा विचार केला. म्हणाली, "मग आता तू रड."
हसण्यावारी नेणार होतो. तेही जमलं नाही.