लग्नसराईत भरलेला मेळा

वैशाख शु. ५
दादाचं काय, बांधावर बसून बोलायला काय जातंय. परत तोच निरोप. घरची गाडी सोडून पाद्र्याची गाडी हाकतो म्हणे. अरे, घरच्या गाडीला बैल एकच हाय, दुसऱ्याच्या जागी मीच होतो. वर हुकूम: वद्य चतुर्थीला गंगूच्या लग्नाला हजर न्हाई झालास तर उमापुरात पाय ठेवू नको. गंगू माझी बहीण न्हाई का? येणार म्हणजे येणार. मेळा पुनवेला उठतोय. धारूरहून वाटेत तीन मुक्काम, की घर.

इथं किल्ल्याखालच्या आमराईत तंबू ठोकलेत. पाद्री साहेबांच्या गावोगावच्या शाळांतली किरिस्ताव पोरं उन्हाळ्याची म्हणून आणलीत. गाणी, खेळ, येशूच्या गोष्टी. माझ्याकडं पाण्याच्या पिंपांची गाडी. पोरं पितात कमी, सांडतात लई.

शु. ७
सकाळी एक बाप येऊन पोरगं घेऊन गेला. चुलत्याचं लग्न. दुपारी दुसरा आला, दोन पोरी नेल्या. मावशीचं लग्न. साहेबांच्या मडमबाईंनी शाळेच्या योहान मास्तरला विचारलं, "सगळ्यांची लग्नं आत्ताच कशी?"
"बाई, वैशाख हाय."
"मग मेळा आत्ताच कोणी ठरवला?"
ठरवला साहेबांनी. शेतं मोकळी, पोरं मोकळी, असा हिशेब. मांडवबी त्याच हिशेबानं पडतात, हे कुणी सांगितलं न्हाई.

शु. ९
गाणं चार आवाजांत बसवलेलं. त्यातले दोन आवाज लग्नाला गेले.
आज तर लई मजा. पोरांना न्हाई, साहेबांनाच न्यायला गाडी आली. किरिस्तावांचं लग्न पाद्र्याशिवाय लागत न्हाई. साहेब टोपी घालून बसले. मडमबाई म्हणल्या, इथं कोण बघणार? साहेब म्हणले, योहान आहे की. योहान मास्तर आधीच मागल्या बाजूला चढून बसला होता. नवरा त्याचा भाचा.
मग मेळा बाईंनी आणि मी बघितला. बाईंनी गोष्ट सांगितली, मी बैल धुऊन दाखवले. पोरांना बैल जास्त आवडले.

शु. ११
साहेब आले, घसा बसलेला. उरलेली पोरं एका घोंगडीवर मावतात. मडमबाईंचे डोळे लाल. साहेब म्हणले, उद्या तंबू उतरवा. मला आतून उकळ्या. चार दिवस आधी सुटलो, गंगूच्या हळदीलाच पोचतो.

तेवढ्यात सगुणाचा मामा आला, भागाजी. सगुणा सगळ्यांत बारकी, गाण्यात पुढं उभी राहते. मामाला बघून तिनं तंबूचा खांबच कवटाळला.
"मावशीचं लग्न हाय अन् येत न्हाईस, कावून गं?"
"मला गाणं म्हणायचंय."
"तिकडं म्हण."
"तिकडं हलगी वाजती. मला कोण ऐकणार हाय?"
भागाजी कपाळाला हात लावून माझ्याकडं वळला. "साहेब कुठायत? त्यांनाबी न्यायचंय."
माझं तोंड कधी गप बसलंय. म्हणलं, "मामा, लग्न लावणारे इथं, पोरगी इथं, सावली इथं. तुमच्याकडं नुसता मांडव हाय. तोच आणा की इकडं."
योहान मास्तर ऐकत होता. तसाच पळत साहेबांच्या तंबूत गेला. तेव्हाच कळलं, माझं काय खरं न्हाई.

शु. १४
एका मांडवात तीन लग्नं लागली. नेलेली पोरं वऱ्हाडासंगट परत आली, वर त्यांची भावंडं. बायकांनी मडमबाईंना धरून हळद लावली, कोपरापर्यंत पिवळ्या. आधी घाबरल्या, मग स्वतःच दुसरा हात पुढं केला. पाण्याच्या खेपा मोजायच्या सोडून दिल्या. बैल चढाला बसले ते उठेनात, अर्धी पिंपं वऱ्हाडानं खांद्यावर आणली.
भागाजी म्हणतो, "पाणीवाल्या, तुझं कधी बे?"
"आधी बहिणीचं."
सगुणा पुढं उभी राहिली. चारी आवाज आले. हलगीवाला आपणहून थांबला. मी गाडीच्या धुरेवर बसून ऐकलं. पहिल्यांदा सगळं गाणं ऐकलं.

पुनव
साहेबांनी प्रार्थनेनंतर सांगितलं, मेळा आठ दिवस वाढला. अजून दोन मांडव इकडंच येतायत. मला बोलावून म्हणले, "तुझ्या अकलेनं मेळा वाचला. आता बारमाही राहा आमच्याकडं."
बारमाही. हेच तर पायजे होतं मला, उमापूर सोडलं तवापासून.
मी गंगूचं सांगितलं. साहेब म्हणले, "तेही लग्न इथंच का नाही आणत?"
दादाला हे सांगायचं झालं तर लांब उभं राहून सांगावं लागेल.

वद्य १
आज निघालो तरच पोचतो. साहेब म्हणतात, पाण्याला दुसरा माणूस बघतो, दुपारपर्यंत थांब. दुसरा आला, त्याला डाव्या बैलानं लाथ मारली. तो गेला. तिसऱ्याला बोलवलंय. सकाळपासून धोतराचं गाठोडं बांधून बसलोय, एकदा सोडलं, परत बांधलं. बारमाही काम रोज मिळत न्हाई, अन् गंगूबी रोज नवरी होत न्हाई.

लग्नामागं फिरणारा कासार बांगड्यांची पेटी घेऊन गेवराईकडं निघालाय, उमापुरात गंगूचा चुडा त्यानंच भरायचाय. म्हणलं, जरा हळू चाल, मागून येतोय का बघ. सुटलो तर वाटेत गाठतोच. पण न्हाईच सुटलो तर रिकाम्या हातानं लग्न नको, म्हणून साहेबांकडून पगार घेऊन त्याच्याजवळ दिला. दादाच्या हातात द्यायचे न्हाईत, गंगूच्या ओटीत घालायचे: निजामाचे हाली रुपये अकरा.