फक्त ॲडमिन बोलणार

४ ऑगस्ट, सोमवार
प्रिन्सिपल रत्नप्रभा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, दोन वर्षांत आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या बास्केटबॉल टीमने एक मॅच जिंकलेली नाही. या महिन्यातली पहिली मॅच जिंका, नाहीतर टीम बंद, कोर्टावर स्टाफच्या स्कूटर लागतील आणि हेड कोच, म्हणजे मी, पुन्हा साधा पीटीचा मास्तर. मी म्हटलं, मॅडम, कप कुठे ठेवायचा तेवढं सांगा. त्यांनी दाराकडे बोट केलं.
टीममध्ये दोष एकच आहे. पोरं.

५ ऑगस्ट, सकाळी ६.०५
कोर्टापाशी बोर्ड लावला. माझ्याच अक्षरात : पाच मिनिटं उशीर = घरी. बारातले चौघे सहा वाजून सहा मिनिटांनी उगवले. टीममधूनच हाकलले. एक जण रडवेला होऊन म्हणाला, सर, देवनारहून येतो, पहिली बस चुकली. मी म्हटलं, मग देवनारलाच खेळ.
झकास वाटलं. हे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

९ ऑगस्ट
लेअप करून दाखवला. बॉल रिंगमध्ये न जाता वॉचमनच्या चहात गेला. बॉलमध्ये हवा कमी होती. देवेश हसला. बाहेर! आणखी दोघं हसू दाबत होते, तेही बाहेर. दाबलेलं हसू जास्त वाईट.
उरले पाच. मॅचला पाचच लागतात. बाकीचे नुसते पाणी पितात.

१२ ऑगस्ट
कॅप्टन सम्यक. उंची पाच फूट दहा, जीभ सहा फूट. सगळ्यांसमोर विचारतो, सर, मधेच कोणी दमलं तर? मी म्हटलं, दमायचं नाही. तर संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं की त्या सात जणांना परत घ्या ना सर. खाली पाचही जणांचे अंगठे. स्वतःचाही दिला! शिरा पडो याच्या तोंडार!
ग्रुपचं सेटिंग बदललं. आता फक्त ॲडमिन बोलणार. ॲडमिन मी. मग त्याने पर्सनलवर मेसेज टाकला. सम्यकला ब्लॉक केलं. बाकीच्यांचे नंबर मी सेव्हच करत नाही, डोक्यावर बसतात. आणि अनोळखी नंबर मी उचलत नाही.
शिवाय पाचही जणांची आयकार्डं काढून घेतली. आयकार्डाशिवाय मॅचला उभं करत नाहीत. आता करा बंड.

१४ ऑगस्ट
संकल्प : रोज कॉम्प्लेक्सला पाच फेऱ्या. आज अर्धी झाली. गुडघा. 
वनमाला म्हणाली, अहो, कॅप्टनलाच ब्लॉक करून मॅच कशी खेळणार? बायकोला गेम कळत नाही. तिला तसं सांगितलं. जेवणात फक्त वरणभात.

१९ ऑगस्ट
उद्या आठला मॅच, अंधेरीच्या मैदानावर. पोरांना सातला बोलावलंय. मी मुद्दाम पावणेआठनंतर पोचणार. हेड कोचने आधी जाऊन उभं राहायचं नसतं. वाट बघून पोरं सरळ होतात.

२० ऑगस्ट, दुपारी १
सकाळी ७.५०. मैदानात तळं साचलेलं आणि एक कुत्रा. पाचही जण लेट! मॅचच्या दिवशी! ग्रुपवर टाकलं : पाचही जण टीममधून बाहेर. कोणाचं उलट उत्तर नाही. याला म्हणतात शिस्त. अनोळखी नंबरांवरून सारखे फोन येत होते, लोनवाले असणार, कापले.
नऊ वाजता मैदानाचा वॉचमन म्हणाला, साहेब, पाण्यामुळे मॅच मुलुंडला नेली, कालच सगळ्या कॅप्टन लोकांना कळवलंय. म्हणजे सम्यकला माहीत होतं आणि त्याने मला सांगितलं नाही! केवढा बेजबाबदारपणा!
रिक्षाने मुलुंडला पोचलो, सव्वादहा. पाचही जण सातपासून तिथे होते म्हणे. आयकार्डं माझ्या बॅगेत. पंचांनी आठनंतर पंधरा मिनिटं थांबून, मी पोचायच्या आधीच, समोरच्यांना मॅच देऊन टाकली होती. न खेळता हरलं की नियमाने वीस-शून्य.
दोन वर्षांतला आपला सर्वांत लहान पराभव. मॅडमना हे सांगायला हवं.
मग समोरची पोरं म्हणाली, एवढ्या लांब आलाच आहात तर असेच खेळूया. खेळले. मी हाकललेले सातही जण टाळ्या वाजवायला आले होते, तेही उतरले. आपले एक्केचाळीस, त्यांचे छत्तीस. मी पोचलो तेव्हा बाराही जण वडापाव खात हसत होते. मला बघून कोणी उठलं नाही. सम्यकने फक्त हात पुढे केला. मला वाटलं, शेकहँड. त्याला आयकार्डं हवी होती.

२२ ऑगस्ट
मॅडमना एक्केचाळीस-छत्तीस सांगितलं. माझ्या मार्गदर्शनाखाली, असंही सांगितलं. त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? मी म्हटलं, भांडुपच्या सिग्नलला. टीम बंद. सोमवारपासून स्कूटर. बोर्ड मात्र राहू दे म्हणाल्या, स्टाफला उपयोगी पडेल.

२५ ऑगस्ट, सोमवार
सवयीने सहाला कोर्टावर गेलो. रिंगखाली दोन स्कूटर. पोरं कुठे खेळतात कोण जाणे. खेळत असणारच.
ठरवलं, मोठ्या मनाने सम्यकला माफ करायचं. अनब्लॉक केला. त्याचे ब्लॉक झालेले चौदा फोन यादीत दिसले, पहिला मॅचच्या आदल्या संध्याकाळचा. लगेच फोन लावला. एकदा रिंग वाजते आणि कट. अकरा वेळा लावला. नेटवर्कची पार वाट लागली आहे. घरी येऊन लेकीला, शीतलला म्हटलं, जरा बघ गं, फोन बिघडलाय बहुतेक. पोरीने माझा फोन हातातही घेतला नाही. म्हणाली, बाबा, समोरच्याने ब्लॉक केलं की असंच होतं.