मागच्या रविवारचं कोडं

पुणे, ५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामाजींस,
आचलचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी सुखरूप पोचले. मामीनं बांधून दिलेली भाकर अन् ठेचा भुसावळपर्यंतच पुरला, ते तिला सांगा. इथं थंडी गेली आहे आणि घरमालकीण पाण्यावरून रोज भांडते, म्हणजे सगळं ठीक आहे.

ऑफिसात काल काजलला आपल्या विहाराबद्दल सांगत होते. रविवारी वंदना झाली की माझे मामाजी पेपरातलं गूढ शब्दकोडं फळ्यावर मांडतात. घरी आधी कोणी ते बघायचं नाही. उत्तर येईल त्यानं उभं राहून काऊन, म्हणजे तेच उत्तर का, ते सांगायचं, आणि सांगता नाही आलं तर बरोबर उत्तरसुद्धा पुसून टाकायचं. तिला तुमचं आवडतं सूत्र घातलं, ‘आजी वनवासात लपलेलं जगणं, तीन अक्षरी’. आजीतला ‘जी’ आणि वनवासातलं ‘वन’, म्हणजे जीवन, अशी फोड करून दाखवली तर ती थक्कच झाली. पण नियम ऐकून म्हणाली, बापरे, किती कडक आहेत तुझे मामा.

मामाजी, परवाच्या रविवारी विहारात मी बोलून गेले, की हे कोडं तर मागच्या रविवारचं आहे, मी पुण्यात सोडवलं होतं. तुम्ही खडू ठेवलात आणि पुढच्या रांगेतल्या बबनरावांच्या चपला पायात घालून घरी निघून गेलात. मी गंमत करत होते हो. तुम्ही फोनही उचलत नाही. माफ करा. मनावर घेऊ नका.

मामीला जय भीम. रागावला असाल तरी माया आटू देऊ नका.

तुमची भाची,
आचल


पुलगाव, १२ फेब्रुवारी

चि. आचल हिस आशीर्वाद.

पत्र भेटलं. माफी वाचली. उत्तर बरोबर आहे, पण काऊन लिहिलं नाई. गंमत करत होती, हे काही काऊन नव्हे. म्हणून पुसली.

बाकी ठीक.

हरिदास


पुलगाव, २० फेब्रुवारी

चि. आचल इले मामीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मामाजीचं कार्ड मीच टाकाले नेलं अन् वाटेत वाचलं. असा राग आला का विचारू नको. पोरगी माफी मांगून राह्यली अन् हे तिचा पेपर तपासून राह्यले. घरी येऊन मी चांगलं सुनावलं त्यायले. पण बाई, तुलेही सांगते, चारचौघांत बोलली ते तू चांगलं नाई केलं. तुले काही माहीत नाई, म्हणून आता सांगते. वाचून रडत बसू नको.

दिवाळीपासून त्यायले आठवत नाई. पहिले मले वाटलं वयाचं असन. मंग एक दिवस भेद्रं, तुमच्या पुण्याकडचे टोमॅटो, आणाले बाजारात गेले अन् रिकामी पिशवी घेऊन परत आले, म्हणे काय आणाचं होतं. वर्धेच्या डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या, अन् हे आता वाढतच जाईन म्हणून सांगितलं. मिल्ट्रीच्या डेपोत कामाले असताना कोणता माल कुठं ठेवला हे झोपेत सांगणारा मानूस. त्यानं मले विचारलं, सुमित्रा, कोणाले सांगणार तर नाई ना?

कोडं अर्ध्यातच अटकाले लागलं. फळा कोरा राह्यला तर लोक काय म्हणतीन, हेच डोक्यात. मंग यायनं मागच्या रविवारचं कोडं मांडनं सुरू केलं. त्याचं उत्तर आजच्या पेपरात छापून येते ना. पहाटे उठून पाठ कराचे अन् मी शाळेतल्या पोरावानी त्यायच्याकडून म्हणून घ्याची. विहारात आम्ही दोघं हात जोडून मुसावादा वेरमणी म्हणतो, खोटं बोलणार नाई म्हणून, अन् लगेच उठून हे फळ्यावर खोटं मांडतात. मले भगवंताच्या मूर्तीकडे पाहवत नव्हतं. त्यायच्यापेक्षा जास्त लाज मले वाटे, कारण मले तर सगळं आठवत होतं.

आता विहारात जात नाईत. खिडकी लावून बसतात. बबनराव चपला बदलून घ्याले आले, तवापासून रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात, पण हे बाहेर निघत नाईत. फळ्यावर अजून तेच कोडं आहे म्हणे. कोणी पुसाले तयार नाई.

तू काहीतरी लिहिजो. माझं नाव सांगू नको. तब्येतीले जपजो अन् मामीले विसरू नको.

तुझी मामी


पुणे, २७ फेब्रुवारी

आदरणीय मामाजींस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुम्ही काऊन विचारलंत. लिहिते.

फळ्यावर तुम्ही उभी-आडवी सूत्रं मांडलीत तेव्हाच मला कळलं होतं, की हे मागचं आहे. मी गप्प बसू शकले असते. नंतर घरी येऊन कानात सांगू शकले असते. पण मी थांबले. वही-पेन घेऊन सगळे नीट बसेपर्यंत मुद्दाम थांबले, आणि मग मोठ्यानं बोलले.

मी सातवीत असताना तुम्ही एक सूत्र घातलं होतं, ‘नदी उलटी वाहिली तर गरीब होईल’. मी ओरडले, दीन! बरोबर होतं. नदी उलटी वाचली की दीन. एवढं साधं, पण उभी राहिले तर तोंडातून शब्द निघेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि डस्टर फिरवलंत. सगळे हसले, बबनराव तर मांडीवर थाप मारून हसले. त्या दिवसापासून मी कोडी सोडवते, मामाजी. लोकांना वाटतं मला तुमच्याकडून गोडी लागली. गोडी नाही, राग होता. त्या रविवारी तुम्ही चुकलेले दिसलात आणि मला आनंद झाला. हे आहे माझं काऊन. लिहिताना मला माझीच किळस येते आहे.

मला घरून थोडं कळलं आहे. कोणाकडून ते विचारू नका. ते आधी ठाऊक असतं तर मी गप्प बसले असते का? बसले असते, असं छातीठोकपणे लिहायची आता माझी हिंमत होत नाही.

हे वाचून माफी पुन्हा पुसायची तर पुसा. पण विहारात जा. फळा माझ्यामुळे बंद पडला, तर मी पुलगावात कोणत्या तोंडानं येऊ?

मामीला नमस्कार. पत्राची वाट पाहते. जमलं तर मला अजून आपली म्हणा.

आचल


पुलगाव, १० मार्च

चि. आचल हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

काऊन पटलं. माफी आता कोड्याच्या घरात भरली, खडूनं नाई, शाईनं. कोणी सांगितलं ते विचारत नाई. या घरात लिहिता येणारे आम्ही दोघंच, अन् मी तर लिहिलं नव्हतं. त्या नदीचं म्हणशीन, तर पुसलं ते नियमानंच. पण हसणाऱ्यायले मी गप्प कराले पाह्यजे होतं, ते केलं नाई. बबनरावाले सांगितलं. तो म्हणे मी कवा हसलो. त्यालेही आठवत नाई, चला, मले सोबत भेटली.

काल गेलतो विहारात. मुसावादा म्हणून झालं, हात खाली घेतले अन् तिथंच उभा राह्यलो. खांब धरला. सांगून टाकलं. दिवाळीपासून मी तुमाले शिळं कोडं घालून राह्यलो, उत्तरं पाठ करून येऊन राह्यलो, मले आता आठवत नाई. मान वर करवली नाई. मंग बबनराव म्हणे, आमाले शंका आलतीच, तुम्ही एवढे हुशार कवापासून झाले. तेव्हा लोक हसले अन् मलेही थोडं हसू आलं.

त्याच्या हातानं जुनं पुसून आजचं मांडलं. मी खाली सतरंजीवर बसलो, सगळ्यायच्या सोबत. एक सूत्र होतं, ‘गुरुजींच्या मागं मोटार लागली की राज्य चालतं, चार अक्षरी’. माझ्या तोंडातून निघालं, सरकार. टाळ्या वाजवल्या लोकायनं. मंग सगळे काऊनची वाट पाहाले लागले. मी उठून उभा राह्यलो. काऊन? काहीच नाई, पोरी. आत सगळं कोरं.

बबनराव डस्टर घेऊन उभा, पण पुसेचना. म्हणे, हरिदासभाऊ, बरोबर आहे, राहू द्या. वीस वर्षं ज्याची उत्तरं मी पुसली, तो मानूस माझं पुसाले तयार नाई. मले इतकी लाज वाटली का बस. मी म्हटलं, काऊन नाई ना, पुसा. त्यानं ‘सर’ पुसलं अन् हात थांबवला. ‘कार’ तसंच राह्यलं फळ्यावर, डोळ्यासमोर, तरी मले दिसलं नाई. बाकीच्यायले दिसलं असन, पण एकानं तोंड उघडलं नाई. मी म्हटलं, तेही पुसा. पुसलं. घरं कोरी ठेवून आलो.

सुमित्रासंग घरी येताना रेल्वे फाटकात थांबलो अन् एकदम आलं. गुरुजी म्हणजे सर, मोटार म्हणजे कार, एकामागं एक लावले का सरकार. तिथंच उभं राहून मोठ्यानं सांगितलं. फाटकवाला पाहाले लागला. परत फिरलो, तर विहाराले कुलूप.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या तुले लिहून राह्यलो. सुमित्राले विचारलं, काल फाटकात काय म्हटलं मी. तिनं आठवण देल्ली. बबनरावाले सांगून ठेवलं आहे, ती चार घरं कोणी भराची नाई. तू येत्या रविवारी येजो. मी उभा राहीन. सांगता आलं तर ठीक, नाई आलं तर तू उठून सांगजो, अन् जोरात सांगजो. यावेळेस कोडं मागच्याच रविवारचं असन. तसं म्हणाले तुले मुभा आहे.

मामीचे आशीर्वाद. गाडी भेटली का कळवजो. मी आपली म्हणाले विसरलो, तरी तू आपलीच राहजो.

तुझा मामा,
हरिदास