अनसूयाबाईंचा केसपेपर

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजपासून डॉ. पराग नोकरदार. मीरा रोडला उर्मिला मॅडमच्या दवाखान्यात रुजू झालो. भाड्याची खोलीही पाच मिनिटांवर मिळाली, हवेशीर. मॅडमची एक खोड आहे. केसपेपरवर त्यांनी तीन रकाने छापून घेतलेत: शरीर, मन, घर-काम. म्हणाल्या, पेशंट कुठे झोपतो, कुणाला घाबरतो, तेही विचारायचं, आजार तिथेही असतो. बाहेर पस्तीस माणसं खोळंबलेली असताना हे लाड कोण करणार. मी पहिला रकाना भरला आणि उरलेल्या दोन्हींत सरसकट 'विशेष नाही' लिहून मोकळा झालो. दीडला ओपीडी साफ, मी जेवायला.

१३ नोव्हेंबर
अनसूयाबाई तिसऱ्यांदा आल्या. मूळच्या रत्नागिरीच्या, राहायला इथल्याच मोरवा गावात. दम लागतो म्हणतात. छाती स्वच्छ, एक्स-रे स्वच्छ. आज घरातलं काहीतरी सांगायला लागल्या, तर मी हसून म्हटलं, मावशी, सगळं नॉर्मल आहे, नाटकं पुरे. गॅसची गोळी दिली. त्या माझ्याकडे बघत बघत उठल्या. जरा लाज वाटली, पण जेवणापर्यंत विसरलोही.

२१ नोव्हेंबर
मावशी गेल्या. शेजारीण येऊन सांगून गेली. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यात काम, नाकातोंडात काळी भुकटी. नवरा वारल्यापासून खोलीसाठी दीर मागे लागलेला. भांडण झालं की बाहेरून कडी घालायचा. कडी वाजली की यांना दम लागायचा. परवा दुपारी तशाच कोंडल्या गेल्या आणि आतच संपल्या. मॅडमनी केसपेपर वाचला, माझ्यासमोर ठेवला, 'विशेष नाही'वर बोट टेकवून गेल्या. चार शब्द विचारले असते तर ही बाई जगली असती. फार वाईट वाटतंय.

२५ नोव्हेंबर
साडेअकराला अनसूयाबाई पेशंटच्या स्टुलावर बसल्या होत्या. रिसेप्शनवरच्या शालूला स्टूल रिकामं दिसलं. मला दम लागला. ईसीजी, रक्त, एक्स-रे, सगळं नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, मनाला लावून घेतलंयस. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

२८ नोव्हेंबर
उशीवर काळी भुकटी. झाडली. पुन्हा आली. बाहेरून कडी वाजते. बघतो तर दार उघडंच. तरी दम—

३० नोव्हेंबर, रविवार, दुपार
दार उघडत नाही. शालूला फोन लावला. हसली. म्हणाली, सगळं नॉर्मल आलंय ना डॉक्टर, टेन्शन घेऊ नका, झोपा.

मावशी खुर्चीत बसल्यात. मी हात जोडले. माफी नको म्हणाल्या. तवा इचारलंस नाय, आता इचार, म्हणाल्या.

विचारलं. त्या बोलतात तोवर श्वास येतो. गप्प झाल्या की— म्हणून विचारतोय. लिहितोय.

लग्न. गाळा. नवऱ्याचं दुखणं. दीर. तीन तास झाले. सावकाश सांगतायत. मजेत.

तेच पुन्हा सांगा म्हटलं. म्हणाल्या, मी तुज्याकडं तीनदा आले होते.

आता त्यांचा शेवटचा दिवस. चहा ठेवला. दीर आला. भांडण. तो उठला. बाहेर गेला. कडीला हात—