वरच्या मजल्यावरची पाहुणी

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आले एकदाची. आणि पुढच्या दाराने!

सव्वीस वर्षं या हॉटेलात मागच्या दाराने आले, मागच्याच दाराने गेले. तळघरात धुलाईखाना, आम्ही नऊ जणी, त्यांत मुख्य मी. तीन आठवड्यांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा मॅनेजरने सगळ्यांसमोर पाकीट दिलं — चार रात्री, बागेकडची खोली, तेलमालीश, गरम पाण्याचा तलाव. 'आता तुम्ही आमच्या पाहुण्या!' टाळ्या. मी रडले.

हे काही यायला तयार झाले नाहीत. 'तो हॉटेलातला गोणपाटाचा झगा घालून परक्या लोकांत फिरायचं? मला नाही जमायचं.' अहो, गोणपाट नाही, सुती आहे. मीच धुतलेला आहे. 'तू धुतलास म्हणून मी घालू?' बसा मग घरी!

निश्चय लिहून ठेवते, म्हणजे मोडता येणार नाही. चार दिवस आराम. कामाला हात लावायचा नाही. तळघराच्या जिन्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. लेकीलाही तसा शब्द दिलाय.

पलंग एवढा मोठा की कुठल्या कडेला झोपायचं तेच कळेना. मधोमध झोपले. राणीसारखी.

टॉवेलाला वेगळाच वास येतोय. साबण बदलला असेल. बदलू दे. माझा काय संबंध!

बुधवार, ८ ऑक्टोबर

मालीशवाली नवीन, मला ओळखत नाही. खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, 'मॅडम, तुम्ही वजनं उचलता का?' हसूच आलं. ओल्या चादरींचं गाठोडं उचलून बघ म्हणावं! 'हो,' म्हटलं, 'सव्वीस वर्षं.'

तिने मानेखाली अंगठा रुतवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. दुखत नव्हतं. एवढा वेळ, काही घाई न करता, कुणी माझ्या पाठीला हात लावलेलाच नव्हता. पोरीने तोंडाखाली हळूच टॉवेल सरकवला.

टॉवेलाची चार पदरी घडी. आम्ही तीन पदरी घालतो — मधे काठ दिसत नाही. ही कुणी घातली? ठेंगणीने? शक्य नाही. तिला मीच शिकवलंय. एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर उभी होती, माझ्यामागे तिलाच मुख्य करा म्हणून मीच सांगून आले.

दुपारी तलावात. पाणी कढत, हवा गार, नुसतं डोकं बाहेर. शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका — मी तिला मनात हेडबाई म्हणते. 'तुमचं कशाचं क्षेत्र?' 'कपड्यांचं.' 'अरे वा! स्वतःचा व्यवसाय?' मी मान हलवली. खोटं बोलले नाही, खरंही सांगितलं नाही. गळ्यापर्यंत पाण्यात सगळ्या सारख्याच दिसतात.

ठेंगणीला दोनदा फोन केला. 'कामात आहे ताई, नंतर बोलते.' नंतर काही आला नाही.

बुधवार, संध्याकाळ

जिन्यापर्यंत गेले. परत आले. शाबास.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मोडला निश्चय.

सकाळच्या टॉवेलाचा काठ दमट. दमट! आमच्या हातून असा एक जरी वर गेला असता तर मी दिवसभर जेवले नसते. पायात कागदी सपाता होत्या, तशीच खाली उतरले.

दाराला कुलूप. वरच्या काचेतून पाहिलं. एकही मशीन नाही. जमिनीवर त्यांच्या पायांचे गोल गोल गंजलेले डाग, भिंतीतून लोंबणारे पाण्याचे नळ, बस्स. माझी खुर्ची उलटी पडलेली.

मागच्या दाराशी वॉचमन भेटला. आधी ओळखलंच नाही — झगा ना! मग एकदम उभाच राहिला. 'ताई, तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी बंद केलं. धुणं आता बाहेर जातं. गाडी येते, गाडी जाते.'

'आणि बायका?'

'गेल्या.'

'कुठे गेल्या?'

त्याने खांदे उडवले. त्याला कशाला माहीत असेल!

जिना चढता चढता सगळं लक्षात आलं. म्हणजे ते पाकीट, त्या टाळ्या, 'आमच्या पाहुण्या' — सगळं कशासाठी, तर म्हातारीने ओरडू नये म्हणून. मी असते तर ओरडलेच असते. मागे एकदा पंख्यासाठी ओरडले होते, दोन पंखे मिळाले होते. मला गोड बोलून दाराबाहेर काढलं आणि मागे आठ जणींना वाऱ्यावर सोडलं! आणि मी इथे पाठ चोळून घेतेय.

ठेंगणी फोन उचलत नाही. लाज वाटत असेल बिचारीला. घरी बसली असेल.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, 'अगं, आराम करायला गेलीस ना? गेलेल्या गोष्टीत कशाला डोकं घालतेस?' आता वरची पाहुणी झालेय, तर डोकं घालणारच मी.

विचार केला. काम करणारीचं ऐकायला इथे तीन महिने लागतात. पाहुण्याने तक्रारवहीत लिहिलं तर मॅनेजरला त्याच दिवशी स्वतः समोर यावं लागतं. शनिवारी दुपारपर्यंत मी पाहुणी आहे.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आठ वाजता वही मागवली. एक पान भरून लिहिलं. दमट काठ, खरखर, कोपऱ्यातला धागा, साबण नीट न खळबळल्याचा वास. या जगात टॉवेलाबद्दल माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं वाटत नाही.

मग तलावावर गेले आणि हेडबाईला खरं सांगून टाकलं. 'बाई, माझा व्यवसाय नाही. मी इथले टॉवेल धुवायची.' वाटलं, उठून जाईल. तिने आपला टॉवेल नाकाशी नेला, दोनदा हुंगला. 'तरीच! मला वाटलं माझ्या नाकाचंच काहीतरी बिघडलंय.' मग काय, चाळीस वर्षं शाळा हाकलेली बाई! खुर्चीखुर्चीशी जाऊन तिने लोकांना टॉवेल हुंगायला लावले. वाफेच्या खोलीतूनसुद्धा दोघांना बाहेर काढलं. अकरा सह्या!

मॅनेजर साडेअकराला आला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला 'मॅडम' म्हणाला. मी बसूनच राहिले. तो उभा.

'साहेब, मशीनं परत आणा. बायका परत आणा.'

'ते आता कसं शक्य आहे, मॅडम?'

'मग हे पान असंच राहील. उद्या अजून सह्या होतील.'

हेडबाई शेजारी नुसती चष्मा पुसत बसली होती. पण पुसण्यातही वचक असतो एकेकाच्या.

त्याने घाम टिपला. म्हणाला, 'त्या धुलाईवाल्याचं काम एक तारखेपासून बंद करतो. आजच कळवतो त्यांना. आपल्या बायकांचं पुढे बघू.'

'बघू' मला पुरेसं नाही, पण सुरुवात आहे! दुपारी पहिल्यांदा खरी झोप लागली. उठले तर उशी ओली — तोंड उघडं टाकून झोपले होते. आठ जणींना एकेक करून फोन करणार. उद्या घरी गेल्यावर. हक्काने सांगेन, मी आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी ठेंगणीचाच फोन आला. रडत होती.

'ताई, ती तक्रार तुम्ही केलीत? ते टॉवेल आम्हीच धुतो हो. आठही जणी. तळघर बंद होणार कळल्यावर आम्हीच त्या बाहेरच्या धुलाईवाल्याकडे जाऊन काम मागितलं. पाचला सुटतो, रविवारी सुट्टी असते. नवीन मशीन अजून हाताला बसलेलं नाही, आठवडाभरात बसलं असतं... तुम्हाला सांगायचा धीरच झाला नाही. तुमचा केवढा जीव होता त्या तळघरावर.'

मी एवढंच म्हटलं, 'रडू नकोस. कामावर जा.'

आता मॅनेजरच्या दाराबाहेर बसले आहे. झगा काढला, घरची साडी नेसले. तो दहाला येतो. वही मांडीवर आहे, आणि ते पान मी स्वतः खोडल्याशिवाय इथून हलणार नाही.